तिच्या माहेराचं चित्र

जळगावातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून मी आयुष्यभर खेडी रंगवली. लिंबाची गार सावली, तुडुंब विहीर, धुतल्यासारखी गुरं. हायवेवरच्या हॉटेलवाल्यांना तशीच चित्रं लागतात. बायको हसायची. "तुमच्या गावात शेण पडत नाही का हो?" ती दोंडाईचाजवळच्या खेड्यातली, तिला सगळं ठाऊक होतं.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायला, मग मुलीचं नाव, मग मी. लहानपणची अहिराणी तेवढी शाबूत राहिली. रोज दुपारी पिशवीत एक साडी कोंबून ती दाराशी उभी. "भाऊ, दार उघाडा. माले घर जानं शे."

नवऱ्याला भाऊ!

कुलूप लावलं की दारावर डोकं आपटायची. एकदा गाडी करून तिला गावी नेलं. घराच्या जागी पत्र्याचं गोदाम उभं होतं. "हाई मनं गाव नही," म्हणाली आणि गाडीतून उतरलीच नाही.

शेवटी मी तिचं माहेर घरातल्या भिंतीवरच काढायला घेतलं. निळी चौकट, ओसरी, गोठा, ती सांगेल तसं. चित्र झालं आणि ती त्याच्यासमोर तासन्‌तास शांत बसू लागली. मला वाटलं, सुटलो.

आठवडाभरानं तिनं विचारलं, "मनी माय कोठे शे?"

तिची आई आमच्या लग्नाआधीच गेलेली. फोटो एकही नाही. मी ओसरीवर धान्य पाखडणारी एक बाई काढली. "हाई मनी माय नही." पुसली. म्हातारी काढली, पदर घेतलेली काढली, बायकोचाच चेहरा जरा बदलून काढला. दर वेळी ती मान हलवायची आणि लहान पोरीसारखी रडायची. माझ्या सगळ्या बाया देखण्या, हसऱ्या. मला दुसरी बाई काढताच येत नव्हती.

"कशी दिसायची ते सांग ना!" मी तिचे खांदे धरून ओरडलो. ती भिंतीला चिकटली. "मारू नका, भाऊ." आजवर मी तिच्यावर कधी हात उगारलेला नाही.

परवा मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तिनं ओसरीवरची ओली बाई तळहातानं पुसून टाकली. मी आलो तेव्हा रंगानं माखलेल्या हातांनी ती भिंत चाचपत होती, आत जायची वाट शोधत. मी तिला बेसिनपाशी नेलं, नखांतला रंग काढू लागलो.

"तुमी कोन शेतस?" तिनं विचारलं.

"मी चित्रं काढतो," मी म्हणालो.