लढाईचं वावर

वावराच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आले की ते आधी वहाणा काढायचे. मग मागे वळून पाहुण्यांना म्हणायचे, "पाय हलका ठेवजा. खाली माणसं हायत."

शहरातली मंडळी हसायची. पण चार पावलं गेल्यावर त्यांचीही चाल बदललेली असायची. तुम्ही असता तर तुमचीही बदलली असती.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी चिखलीला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. ते मोजणी खात्यात चेनमन होते, म्हणजे जमीन मोजताना साखळी ओढणारे, आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचं एकही पाऊल लहान पडत नसे, एकही मोठं पडत नसे. कोथिंबीर आणायला निघाले तरी बाजार मोजायला चालल्यासारखे दिसत.

धाडच्या रस्त्यावर जांभूळखेड खुर्द नावाचं गाव आहे. तिथल्या एका कापसाच्या वावरात दगडी छत्री होती. चार खांबांवर घुमट, त्यातला एक खांब कललेला. नोकरीत असताना ते वावर मोजताना त्यांना मातीत शिशाच्या गोळ्या सापडल्या, घोड्याच्या तोंडातली एक कडीही सापडली. गावातली म्हातारी माणसं सांगत की फार पूर्वी इथे लढाई झाली आणि छत्री तिच्यात पडलेल्या कुणा शिपायाची आहे. तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं होतं की निवृत्त झालो की ही छत्री नीट उभी करायची.

कापूस वेचून वावर मोकळं झालं की दर रविवारी ते एस.टी.च्या फाट्यावर उभे राहत. छत्रीच्या दुरुस्तीसाठी माणशी चार आणे घेऊन लोकांना वावर दाखवत. कुणी कौतुकाने जास्त देऊ केले तर घेत नसत.

मी माझ्या वर्गातल्या मुलींना घेऊन गेले तेव्हा वाटलं होतं, हे सरदारांची नावं सांगतील. त्यांनी एकही सांगितलं नाही. त्यांनी पखालीतून पाणी वाहणारा कुठे उभा असेल ते दाखवलं. एका दगडाजवळ थांबून म्हणाले, इथं कुणीतरी भाकरी थापत असेल आणि तेवढ्यात घोडे आले असतील. एका मुलीने छत्रीखालच्या शिपायाचं नाव विचारलं. ते म्हणाले, "नाव गेलं, पोरी. माणूस ऱ्हायला."



त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नागपूरला जुनी कागदपत्रं वाचायला गेले. त्यांच्याच छत्रीसाठी काही पुरावा मिळाला तर पाहावा, हा हेतू. एका पत्रात ती लढाई सापडली. ती जांभूळखेडला झाली असं त्यात होतं, पण बुद्रुक की खुर्द ते नव्हतं. बुद्रुक तिथून तीन कोसांवर, मोठं गाव, नकाशावर ठळक. पत्रात गावाजवळच्या गढीचा उल्लेख होता आणि गढी बुद्रुकलाच होती. मी बुद्रुक धरलं. वयाने लहान होते, आणि आपल्याला काहीतरी सापडलं याचा आनंद मोठा होता.

शाळेच्या ओसरीत मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडून तो उतारा दोनदा वाचून घेतला. मग त्यांनी खिशातून एक गोळी काढून माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, फौजा येता-जाता असं काही पडतं, त्यावरून लढाई ठरत नाही.

"कागद पक्का हाये ना, बाई?"

मी हो म्हटलं.

"आमच्या खात्यात कागद आन् जमीन जुळली नाई तर कागद खरा धरतात," ते म्हणाले. गोळी त्यांनी परत खिशात टाकली.

मी त्यांना म्हटलं, छत्री जुनी तर आहेच, दुरुस्ती तरी करा. त्यांना ते पटलं नाही. लोकांनी पैसे लढाईत मेलेल्या माणसासाठी दिले होते, असं त्यांचं म्हणणं.

पुढे हिवाळ्यात बुलढाण्याहून कोर्टातली मंडळी बायकामुलांसह आली. ते फाट्यावर होते. लढाई इथं झाली नाही, मी चुकलो, असं सांगून त्यांनी सगळ्यांना तिथूनच परत पाठवलं. मग कितीतरी आठवडे ते धाडच्या आठवडी बाजारात उभे राहत. वावर पाहून गेलेला ओळखीचा चेहरा दिसला की त्याच्या हातावर चार आणे परत ठेवत. काही जण हसले. काही जण म्हणाले, म्हणजे इतके दिवस बनवत होता तर. मी एकदा लांबून पाहिलं आणि पुढे गेले नाही.

पुढच्या पावसाळ्यात छत्री खचून पडली. तिचे दगड लोकांनी बांधाला नेले. त्यानंतरच्या थंडीत छातीच्या दुखण्याने ते गेले. मी तेव्हा बदलीवर बुलढाण्यात होते. मला महिन्याने कळलं.

दहा-बारा वर्षांनी त्याच लढाईचं दुसरं पत्र माझ्या हाती आलं. त्यात खुर्द असं स्वच्छ लिहिलं होतं. ओढ्याच्या अलीकडचं शिवार, कामी आलेल्या एका शिपायावर बांधलेली छत्री, सगळं होतं. शिपायाचं नावही होतं.

दुसऱ्या दिवशी मी चिखलीला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी अंगणात वाल सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, माझी चूकही. त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले.

"मले सांगून काय होते, बाई? त्या गावात सांगा," त्या म्हणाल्या. "लोक त्यायले लबाड समजून राह्यले."

मी तशीच खुर्दच्या पारावर गेले. सात-आठ माणसं बसली होती. त्यांनी सरकून जागा केली, पण मी उभ्यानेच बोलले. लढाई इथेच झाली होती, चेनमन खरं सांगत होते, चूक माझ्या वाचण्यात होती. मग त्यांच्यातल्या एकाने शेजाऱ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कोन चेनमन, बाई?"

मी खाली बसले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.