मोरवेल पाहायला गेलो आणि तोंड लपवून आलो

दिवाळीनंतर मोरवेल फुलते, मला एवढं निमित्त पुरलं. नांदेडहून सकाळच्या एसटीने हिंगोली आणि तिथून जीपने सेनगाव. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. स्टँडवरची गरम भजी तेवढ्यात खाऊन होतात.

सेनगावपुढच्या एका खेड्यात कौसामावशी म्हणून एका शेतकरी बाईंच्या बांधावर मोठी मोरवेल आहे, असं मित्राने सांगितलं होतं. सोयाबीन निघालेलं, तूर फुलावर, आणि बांधावरची अख्खी बाभूळ वेलीच्या पांढऱ्या फुलांनी झाकलेली.

"माहेरच्या बांधावरून बी आनलं होतं म्या," मावशी म्हणाल्या. "तिकडचा बांध मोडला. आता पोरं म्हनतात, ही येलबी तोडू. म्या म्हनलं, मी हाय तवर न्हाई."

मी लगेच मास्तर झालो. या फुलाला पाकळ्या नसतातच, दिसतात ती चार निदलं, म्हणजे कळी झाकणारी बाहेरची दलं. पानाच्या देठाने फांदीला विळखा घालत वेल वर चढते. पुढे बियांना पिसासारखी शेपटी येते आणि त्या वाऱ्यावर उडतात.

"तुमाला लई ठाव हाय की!" म्हणत मावशी भाकरी आणायला घरी गेल्या.

फोटोत एक वाळकी काठी आड येत होती, साल चिंध्यांसारखी लोंबणारी. मी पिशवीतल्या छाटणीच्या कात्रीने ती छाटून टाकली. कापलेलं तोंड ओलं निघालं. जुन्या मोरवेलीचं खोड बुडाशी असंच सरपणासारखं दिसतं, हे मीच या ब्लॉगवर दोनदा लिहिलंय! वरचा सगळा पसारा त्या एका खोडावर होता.

मी दोन्ही टोकं गवताआड सारली. रसाने बोटं चुरचुरत होती. मावशींनी ठेचा-भाकरी वाढली आणि मी दोन भाकरी खाल्ल्या.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "भाऊ, येल सुकून राहिली. कीड लागली काय? तुमी जानते मानसं, सांगा की."

"बुडाला पाणी घाला," मी म्हणालो. खरं सांगायची तीच वेळ होती.

महिन्याभराने पुन्हा फोन. "बुडातून कोंब आला, भाऊ! रोज दोन घागरी घालते. तुमच्यामुळं वाचली बगा."

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणालो.

बोटांची आग दुसऱ्याच दिवशी गेली होती. माझं हे वाक्य मात्र मनातून जात नाही. मावशी ब्लॉग वाचत नाहीत, म्हणून तर इथे एवढं खरं लिहू शकलो. त्याचीच जास्त लाज वाटते.