नागपूरच्या खिडकीत उडालेला केशरी रंग

आमच्या एका सहकाऱ्याने महाविद्यालयाच्या अंकात लिहिले आहे की, त्या वर्षी नागपूरच्या उष्म्याने परीक्षेतील द्रावणांचा रंग उडाला आणि मी दयेपोटी मुलांना उत्तीर्ण केले. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

गोष्ट सत्तरच्या दशकातील, मार्च महिन्यातील. संत्र्याच्या सालीतून कॅरोटिन हे केशरी रंगद्रव्य वेगळे काढण्याच्या प्रात्यक्षिकात नागपूरच्या एका तुकडीला शून्य गुण मिळाले होते, कारण त्यांच्या परीक्षानळ्यांत रंगच नव्हता. वर्ष वाया जाणार होते. फेरतपासणीस मी पुण्याहून जाण्याचे पत्करले.

वर्ध्यापर्यंत रेल्वेचा डबा भाजून निघाला. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी मातीची सुरई बरोबर ठेवावी. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे अवश्य खावेत, मात्र तर्री, म्हणजे वरचा तिखटजाळ रस्सा, वेगळ्या वाटीत मागून घ्यावी. महाल या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून सायकलरिक्षा निघाली.

"एवढ्या उन्हात काहून निघाले जी?" रिक्षावाल्याने विचारले.

"परीक्षेचे काम आहे."

"मंग पास करून टाका सगळ्यायले! नापास करायले कोनी इतक्या दूर येते का?"

तिथले विभागप्रमुख वानखेडे प्रयोगशाळेच्या दारातच म्हणाले, "पोट्ट्यांनी सालच किसली नाही. तसं लिहा अन् जेवायला चला."

तुकडीतील सुशीला मागे उभी होती. "खोटं नाही बोलून राहिली सर. माह्या नळीत रंग होता. खिडकीत ठेवली अन् पाहता पाहता उडाला."

खिडकीत का, हे मी विचारले. तिथे तशी पद्धतच होती: परीक्षकाला रंग खुलून दिसावा म्हणून नळ्या उन्हाच्या खिडकीत ओळीने मांडायच्या. शिवाय सालीतला रंग विरघळवून घ्यायचे पेट्रोलियम ईथर संपल्याने त्या दिवशी क्लोरोफॉर्म दिले गेले होते. मला हवे ते सापडले.

सुशीलेने माझ्यासमोर पुन्हा साल किसली. तीन नळ्या त्याच खिडकीत ठेवल्या: एक क्लोरोफॉर्मची उघडी, दुसरी क्लोरोफॉर्मचीच, पण कार्बन पेपरात गुंडाळलेली, आणि तिसरी शेजारच्या विभागातून आणलेल्या ईथरची, उघडी. चहा येईपर्यंत पहिली पाण्यासारखी झाली. तिसरी केशरीच होती. वानखेड्यांनी दुसरीची गुंडाळी उकलली. तीही लखलखीत केशरी!

त्यांनी नळ्या चाचपून पाहिल्या. "सारख्याच गरम आहेत."

"म्हणजे रंग आमच्या खिडकीनं उडवला," सुशीला म्हणाली.

वानखेडे खो खो हसले. "तू तं मलेच नापास केलं वं!"

कारण असे. प्रकाश शोषलेला कॅरोटिनचा रेणू क्लोरोफॉर्मला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. मागे उरतो तो मुक्त मूलक, म्हणजे ज्याच्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिला आहे असा रेणू. तो जो प्रकाश शोषतो तो मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त असतो. म्हणून रंग गेलेला दिसतो, आणि पुढे तो मूलकही मोडतो. अंधारात यातले काहीच सुरू होत नाही, आणि ईथर इलेक्ट्रॉन सहजी घेत नाही.

अख्खी तुकडी उत्तीर्ण झाली. परतताना सुशीलेच्या आईने टोपलीभर संत्री डब्यात चढवली. घरी त्यांच्या साली सुकल्या तरी मला टाकवेनात. इतका निर्भेळ विजय शिक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो.

आता अंकातील वार दुरुस्त करतो.

मी नागपुरास पोहोचलो तो गुरुवार. अंकात शुक्रवार छापला आहे.

प्रयोग झाला त्याच गुरुवारी दुपारी, दुसऱ्या दिवशी नव्हे.

मुले उत्तीर्ण झाली ती मात्र आदल्या सोमवारीच, परीक्षेत आपापल्या हातांनी साल किसताना. गुरुवारी ते फक्त आम्हाला कळले.