घोंगडीवरची वाटणी

पाच मिनिटं संपायला आली होती आणि डुकरं घोंगडीवरून निघत नव्हती. एक ओढून पाहिलं तर त्याचा कान फाटून हातात आला. समोर मुरुम गावाजवळच्या एका खेड्यातले लोक लिंबाखाली बसलेले. शेजारी खुर्चीवर आमचे सुपरिंटेंडेंट साहेब, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात माझ्या परीक्षेचा फॉर्म.

काम काय होतं ते आधी सांगतो. मी मिशनचा प्रचारक, लोकांच्या तोंडी ‘मास्तर’. गावोगाव फिरून ख्रिस्ती मंडळीला चर्चच्या बातम्या द्यायच्या, पटकीची साथ आली तर पाणी उकळायला सांगायचं आणि धर्माची एखादी गोष्ट ऐकवायची. गोष्टीला माझ्याकडं मॅजिक लँटर्न होता. त्यात कंदिलाच्या उजेडानं काचेवरचं चित्र पडद्यावर पडतं. जोडीला पेटी. अडीच-तीन तास कसे जात ते कळत नसे. निदान मला तरी कळत नसे. पण लढाई लागली, रॉकेल मिळेना, आणि लँटर्न फळीवर जाऊन बसला.

तेव्हा साहेबांनी आम्हा निजामच्या मुलखातल्या चार प्रचारकांना सोलापूरला आठ दिवसांच्या रिफ्रेशर वर्गाला धाडलं. मी पंचेचाळिशीचा. त्या वयात बाकावर बसून गृहपाठ करायची मला लाज वाटत होती.

तिथं दोन गोष्टी शिकवल्या. पहिली फ्लॅनेलग्राफ. फळ्यावर फ्लॅनेलचं कापड ताणायचं आणि कागदी चित्रांच्या पाठीला सुतार वापरतात तो काचकागद लावायचा. चित्र टेकवलं की चिकटतं, उचललं की सुटतं. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. कथा पाच मिनिटांत संपवायची, आणि उपदेश न करता शेवटी एक प्रश्न विचारायचा. ‘लोकांना बोलतं करा,’ तिथले शिक्षक सारखं म्हणत. त्यांनी आमच्याकडचं एकही गाव पाहिलेलं नव्हतं.

परत आल्यावर साहेबांनी सांगितलं, “रविवारी परीक्षा. जमलं तर प्रचारक राहाल. नाहीतर बोर्डिंगचं कोठार सांभाळा.” वीस वर्षं मी बोलण्यावर जगलो होतो. ज्वारीच्या पोत्यांशी काय बोलणार? मला खरोखर भीती वाटली.

त्यात हद्दीवर बाहेरच्या मालाची जकात घेत त्या करोडगिरी नाक्यावर फ्लॅनेल अडकलेलं. कारकुनानं डुकरं सोडली, कापड ठेवून घेतलं. ते सोडणारा दारोगा येणार परीक्षेनंतरच्या गुरुवारी. म्हणून मी मलप्पांची घोंगडी मागून आणली आणि दोन झाडांच्या मधे बांधली.

मलप्पा लिंगायत शेतकरी, साठीच्या पुढचे. मंडळीतले नव्हते, पण माझी एकही गोष्ट त्यांनी चुकवली नव्हती. गावात वाटणीचं भांडण लागलं की निवाड्याला त्यांनाच बोलवत. घोंगडी अस्सल मेंढीच्या लोकरीची होती. काचकागद तिच्यात असा रुतला की सुटायचं नाव नाही.

कथा साधी. एका बापाला दोन पोरं. धाकट्यानं बापाच्या हयातीतच वाटणी मागून घेतली, परमुलखात उधळली आणि शेवटी डुकरं राखायची पाळी आली. पस्तावून घरी आला, तर बापानं त्याला पोटाशी धरलं आणि जेवणावळ घातली. थोरला रुसून दाराबाहेर उभा राहिला. डुकरं काढून मग जेवणावळ लावायची असा क्रम होता. ती निघेनात, तेव्हा मी पंगत डुकरांच्या मधेच बसवली.

“मास्तर, डुकरं बी आली व्हय जेवायला?” रखमाबाईंनी विचारलं. मंडळीतल्या त्या सगळ्यांत वडीलधाऱ्या.

“तिकडं बघू नका, बाई,” मी म्हणालो आणि घाईनं प्रश्न टाकला. “तुम्ही त्या बापाच्या जागी असता तर काय केलं असतं?”

साहेबांनी घड्याळ पाहून मान डोलावली. आता दोघं-तिघं उत्तर देतील, मी पास होईन आणि सगळे भाकरीला घरी जातील, असा माझा हिशेब होता.

मलप्पा उठले. पटका नीट केला. “मास्तर, जमीन किती व्हती?”

“ते गोष्टीत नाही.”

“न्हाय कसं? वाटणी झाली म्हणताव. हीर कुणाकडं गेली, बागायत किती, ह्ये बघितल्याबिगर निवाडा कसा द्यावा?”

इथं मी चुकलो. निवाडा मागितलाच नाही असं सांगायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, “तीस एकर धरा.”

“मंग पंधरा धाकल्यानं इकली. ऱ्हायली ती थोरल्याची. बाप जेवण घालतोय कुणाच्या दाण्यावर?”

“थोरल्याच्या,” मागून चार-पाच जण म्हणाले.

“पोरगं उपाशी आलंय आन तुमी एकर मोजताव?” रखमाबाई तडकल्या. “त्या घरात आई कुठं हाय? आई असती तर पोरगं गेलंच नसतं.”

आईचं चित्र सोलापूरकरांनी दिलं नव्हतं. बघता बघता लोकांचे दोन तट पडले. थोरल्याची बाजू लिंबाच्या डावीकडं सरकली, धाकट्याची उजवीकडं. अर्धा तास झाला, तास झाला. माझं कोठार मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

शेवटी साहेब उठले. “मंडळी, शांत व्हा. गोष्ट क्षमेची आहे. थोरल्यानं आत जावं.”

“का म्हणून?” मलप्पांनी विचारलं.

साहेबांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, “का म्हणून, हेच मीही विचारतो. माझ्या धाकट्यानं माझी बैलजोडी परस्पर विकली. वर्षभर तोंड दाखवलं नाही. आला तर आईनं पुरणपोळ्या केल्या. मला विचारलंसुद्धा नाही.”

दोन्ही तट साहेबांकडं वळले. साहेब आमच्याच मुलखातल्या वाशीकडचे, घरातले थोरले, एवढंच मला ठाऊक होतं.

“तुमी जेवलाव का त्या दिशी?” रखमाबाईंनी हळूच विचारलं.

“नाही. सहा वर्षं झाली. मी त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही.”

मग गोष्टीतला बाप बाजूलाच राहिला. मलप्पांनी साहेबांना समोर बसवून बैलांची वयं विचारली, दात विचारले, विकताना साक्षीला कोण होतं ते विचारलं. साहेबांनी शाळेतल्या मुलासारखी एकेक उत्तर दिलं. उन्हं कलली. मुरुमची मोटार निघून गेली. रखमाबाईंनी कुणाच्या तरी घरून भाकरी-चटणी मागवली आणि दोन्ही तटांनी ती एकत्रच खाल्ली.

मलप्पांनी निवाडा दिला. “साहेब, बैलजोडी धाकल्यानं भरून द्यायची. पोळी खायला तुमी जायचं. ह्ये दोन येगळं खटलं हायती. एकात एक घालू नगा.”

साहेबांनी चष्मा पुसला. मग फॉर्म माझ्यापुढं धरून म्हणाले, “वेळेच्या रकान्यात काय लिहू?”

“साहेब, पावणेतीन तास झाले,” मी खरं ते सांगितलं.

“तुमची पाच मिनिटंच. उरलेला वेळ परीक्षकानं खाल्ला,” ते म्हणाले, आणि त्यांनी तसंच लिहिलं.

मी प्रचारकच राहिलो. नाताळच्या सुट्टीत साहेब वाशीला जाऊन आले. बैलांचा खटला अजून चालू आहे म्हणाले, पण पोळ्या चार खाल्ल्या. त्यानंतर माझ्या कामाची तपासणी दरवर्षी झाली. प्रश्न मी दरवेळी विचारला, फक्त परीक्षकाची खुर्ची तो ऐकू जाणार नाही इतक्या लांब मांडायला लागलो.