इंगेलिसेचं शून्य

रक्त शिरेतून काढणं कुणालाही जमतं. धमनीतून काढायचं म्हटलं की लॅबमधल्या सगळ्याजणी इंगेलिसेकडे बघायच्या. धमनी खोल असते, चुकवून निसटते आणि सुई भलतीकडे लागली तर भला दांडगा माणूसही बोंब ठोकतो. इंगेलिसे मनगटावर दोन बोटं ठेवून डोळे मिटायची आणि ठोका लागला की बेधडक सुई घालायची. रक्त आपल्याच जोरानं वर चढायचं. डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरच्या त्या गावात म्हातारे कोळी तंबाखूनं छातीचा पार भाता करून घेऊन इस्पितळात यायचे. ते तिला शिव्या घालायचे, पण दुसऱ्या कुणाला मनगट देत नसत.

तिची आणखी एक ख्याती होती. अख्ख्या लॅबमध्ये सिगारेट न ओढणारी ती एकटीच! ऐंशीच्या दशकातली गोष्ट ही. तेव्हा डॉक्टरसुद्धा तोंडात सिगारेट धरून वॉर्डात शिरायचे. धूर ओढणाऱ्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडतो. प्राणवायूच्या जागेवर फतकल मारून बसणारं विष ते. रक्त तपासायचं मशीन त्याचाही आकडा टक्क्यांत द्यायचं. तो आकडा बरोबर आहे की नाही हे ठरवायला कंपनीच्या नमुन्याच्या बाटल्या होत्या, पण त्या कधी वेळेवर यायच्या नाहीत. इंगेलिसे मात्र रोज यायची. म्हणून दर सोमवारी सकाळी तिची मैत्रीण बॉडिल इंगेलिसेच्याच हाताच्या शिरेतून रक्त काढून मशीनला घालायची आणि सांगायची, बघ बाबा, शून्य म्हणजे हे. कुठल्या पुस्तकात असं लिहिलंय? कुठल्याच नाही. पण वर्षानुवर्षं चाललं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी मशीननं शून्याऐवजी पंधरा दाखवले.

"अगं बाई! चोरून सिगार ओढायला लागलीस की काय?" बॉडिल खिदळली.

"गप गं. सकाळपासून डोकं ठणकतंय माझं. आयविनचंही तेच. तो तर उठलाच नाही अंथरुणातून. स्टोव्हमध्ये भरपूर कोळसा घातला, ऊब जाऊ नये म्हणून धुराड्याची झडप ओढून बंद केली आणि म्हटलं, झोप बाबा उबेत."

आयविन म्हणजे तिचा नवरा. बोटबांधणीच्या कारखान्यातला सुतार. घर तापवायचं तेल महागल्यापासून दोघांनी घराची एकूण एक फट चिकटपट्टीनं बुजवली होती. शेजारीपाजारी कौतुकानं बघून जायचे.

"थंडी बाधलीय तुम्हाला," बॉडिल म्हणाली. "ह्या मशीनलाही बाधलीय." आणि तिनं कळ दाबून त्या पंधराचं शून्य करून टाकलं. मग दोघी कॉफी प्यायल्या.

तासाभरात इंगेलिसे ओलुफचं रक्त घेऊन आली. ओलुफ म्हणजे झोपेतसुद्धा पाइप न सोडणारा माणूस. मशीन घरघरलं, आकडा आला. उणे सात.

"उणे?" बॉडिलला हसू आवरेना. "म्हातारा धूर ओढतोय की उलटा गिळतोय? अगं, ह्याच्या रक्तात काहीच नाही त्याहूनही कमी आहे!"

इंगेलिसेही हसली. हसता हसता तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. ओलुफचे नेहमी आठ निघायचे. उणे सात कधी येतील? शून्य पंधरावर नेऊन ठेवलं तर. म्हणजे मशीन खरं बोलत होतं. पंधरा तिच्याच रक्तात होते! आणि तेही मोकळ्या हवेतून सायकल हाणत आल्यावर! आयविन आतच होता, कोळशाच्या कोंडलेल्या धुरात. झडप कुणी ओढली? तिनं. स्वतःच्या हातानं.

"बॉडिल, ते पंधरा माझेच!" ती म्हणाली.

तिनं घरी फोन लावला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. शेजारच्या थोर्किलनं मात्र लगेच उचलला.

"थोर्किल, आमची खिडकी फोड! विचारत बसू नकोस, फोड आणि आयविनला बाहेर ओढ!"

"वेडी झालीस का गं? एवढ्या थंडीत..."

"फोड म्हणते ना मेल्या!" ती इतक्या मोठ्यांदा किंचाळली की वॉर्डातले पेशंट उठून बसले.

आयविनला आणलं तेव्हा तो बेशुद्ध होता. गाल मात्र लालबुंद, शेतात राबून आल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, धमनीतलं रक्त हवं, आत्ता. बॉडिलनं दोनदा टोचलं, ठोकाच लागेना. ती रडायला लागली. "माझ्यामुळे गं, मी कळ दाबली..."

"सरक," इंगेलिसे म्हणाली. पस्तीस वर्षं उशाला घेतलेला हात तिनं उताणा केला आणि डोळे मिटले. रक्त चढलं.

मशीननं एकोणतीस दाखवले.

"एकोणतीस," बॉडिलनं डॉक्टरांना ओरडून सांगितलं.

"नाही," इंगेलिसे म्हणाली. "त्यात माझे पंधरा मिळव."

चव्वेचाळीस. डॉक्टरांनी मान खाली घातली. मग रात्रभर प्राणवायूचा मुखवटा आणि दर थोड्या वेळानं मनगट. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. पहाटे आकडा उतरला, छाती नीट हलू लागली. वाचला, डॉक्टर म्हणाले, मेंदूला किती बाधलंय ते शुद्धीवर आल्यावर कळेल. बॉडिलनं तिला मिठी मारली.

सकाळी आयविननं डोळे उघडले. खोली न्याहाळली. मग ह्या पांढऱ्या कोटातल्या बाईकडे पाहिलं. तिच्या हातातली सिरिंज दिसली तसं त्यानं गुमान आपलं मनगट पुढं केलं.

"घ्या, बाई," तो म्हणाला. "पण जरा हळू टोचा."

गंमत करतोय, असं वाटून इंगेलिसेनं वाट पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर गमतीचं काही नव्हतं. परक्या माणसाला द्यावी तशी अदब तेवढी होती.

तिनं त्याचा हात हातात घेतला. मनगटावर दोन बोटं ठेवली.

"माझं नाव इंगेलिसे," ती म्हणाली.