घोड्यावरल्या नवरदेवाचं बाशिंग

बेंबळीच्या हरणाबाईचा जन्म गेला नवरदेवांची बाशिंगं करण्यात. आता पोरं बाजारचा फेटा बांधून घोड्यावर बसतात, बाशिंगाला कोण विचारतंय? तरी तिच्या चुलीवर चिंचोक्याची खळ शिजायचीच. कुणाची पोथी फाटली, कुणाचं पंचांग उसवलं, की चला हरणाबाईकडं.

एका दुपारी शेजारची मोनिका रडतच आली. दुसऱ्या दिवशी धाराशिवला तिच्या कॉलेजात आनंदनगरी होती. कुणी भजी विकणार, कुणी भेळ. ही भविष्य सांगणार. त्यासाठी शिवप्रिया नावाच्या मैत्रिणीकडनं चित्रांचे पत्ते मागून आणलेले. टॅरो म्हणतात त्यांना. येताना वाट वाकडी करून येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला गेली, तर वानरानं पिशवीच पळवली अन् पत्ते चावून, फाडून खाली फेकले.

"पिशवीत खायाचं काय होतं?"

"शेंगदाणे."

"मग त्या बिचाऱ्याची काय चूक?"

"मावशी, चेष्टा नका करू! शिवप्रियाला काय तोंड दाखवू?"

"आण इकडं. पत्ता खळीनं चिकटतो, रडून न्हाय."

हरणाबाईनं पत्ते फडक्यानं पुसले, फाटक्यांना मागून जुन्या लग्नपत्रिकांचा कागद लावला. एका पत्त्यावर माणूस एका पायानं उलटा टांगलेला. तिला लई कीव आली. कापून सुलटा करायला निघाली, तर मोनिकानं हात धरला. "तो तसाच असतो, मावशी!"

मोनिका जेवायला गेली, अन् हरणाबाईच्या हाती बिनडोक्याचा पत्ता आला. डोकं वानराच्या पोटात. खाली पांढरा घोडा, अंगात चिलखत, हातात निशाण, पुढ्यात माणसं हात जोडून उभी. ही तर वरात! खालची इंग्रजी अक्षरं तिच्या काय कामाची? तिनं झोकदार मिशीचं तोंड काढलं अन् वर बेगडाचं बाशिंग चढवलं. सगळे पत्ते पाट्याखाली दाबून ठेवले.

सकाळी गठ्ठा रुमालात बांधून दोघी यष्टीनं धाराशिवला गेल्या. चिकटवलेलं टिकतंय का, ते हरणाबाईला डोळ्यांनी बघायचं होतं. पहिलं गिऱ्हाईक मेसमधली गंगम्मा. तिनं नेमका तोच पत्ता ओढला.

मोनिकाचं तोंड उतरलं. ती कानात म्हणाली, "मावशी, काय केलंत! हा मरणाचा पत्ता हाय."

हरणाबाईनं पत्ता झाकायला हात पुढं केला.

"काय म्हणतोय गं पत्ता?" गंगम्मानं विचारलं.

मोनिकानं पाठ केलेलं कसंबसं सांगितलं, "जुनं संपतंय... नवीन सुरू होतंय..."

"अय्यो! म्हंजे आमच्या नंदीशचं लगीन! बाशिंग तर दिसतंयच की. कुणी केलंय? माझ्या पोराला असलंच पायजे!"

हरणाबाईनं पदर सारखा केला. "म्याच."

मग काय, लग्नाळू पोरापोरींच्या आया रांग लावून बसल्या. त्या गर्दीत शिवप्रियाही आली. मोनिकानं भीत भीत पत्ता दाखवला. ती बघतच राहिली, अन् पोट धरून हसली. "हा असाच ऱ्हाऊ दे. आता तो उलटा टांगलेलाही सुलटा करून द्या, मावशी."

"नगं गं," हरणाबाई म्हणाली. "त्याचं लगीन झालेलं दिसतंय."