उपरण्याखालचा भाव

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण घोडेगावच्या बाजारात मला कुणी फसवलेलं नाही.

आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दलाल अन् मालक उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. एका शुक्रवारी बाजारात एका दलालानं माझ्या म्हशीचा भाव इतका पाडला, की मी उपरणं झटकलं अन् ओरडलो, "म्हैस घेतो का कोंबडी रं?"

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. पुढच्या बाजारापर्यंत गावोगाव पोचलं. टपरीवर चहाला बसलं की पोरं मागं लागायची, "आबा, एकदा म्हना की!" पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण म्हैस दावणीलाच होती. चारा संपत आलेला, बायकोचे गुडघे धरलेले. म्हैस विकणं भाग होतं. परत बाजारात गेलो. हाताला हात लागला की भोवती मोबाईल. मी चिडावं म्हणून दलाल मुद्दाम कमी भाव दाबायचे.

"चिडा की आबा, रेकॉर्डिंग चालू हाय!"

मी तोंड मिटून उभा राहिलो.

"ऱ्हाऊ द्या, गप बसलेलाच टाकू!"

ओरडलो तरी त्यांचंच, गप्प बसलो तरी त्यांचंच. खरं गिऱ्हाईक ती गर्दी बघून लांबूनच सटकलं.

पुढच्या शुक्रवारी तोंडाला उपरणं गुंडाळून गेलो. एक गिऱ्हाईक म्हशीभोवती फिरलं, कास बघितली, हात पुढं केला. आता भाव करायचा तर उपरणं सोडावं लागणार. दुसऱ्याच्या फडक्याखाली मी हात घालत नाही. सोडलं.

"आरं, मिशा बघ! कोंबडीवाले आबा!"

झालं. म्हैस माघारी आणली. बायको दारातच म्हणाली, "आजबी न्हाई व्हय?"

"लोकांना म्हैस नको, मी पायजे."

"मग तुमालाच टाकून यायचं. चारा तरी वाचला आसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढली अन् न्हाव्याकडं गेलो. दाढी झाल्यावर म्हणालो, "मिशीबी काढ."

त्याचा वस्तरा थांबला. आमच्यात मिशी उतरवतात ती घरातलं माणूस गेल्यावर.

"कोन गेलं, आबा?"

"कुनी न्हाई. म्हैस विकायची हाय."

मी डोळे मिटले अन् वरचा ओठ ताणून धरला.